शितावरून

काचेच्या तुकड्यावर ते चाललं होतं.
टपाल तिकिटाएवढं सर्किट, चांदीच्या शाईचं,
नायट्रोजन भरलेल्या पेटीत हात घालून,
रात्री दोन वाजता, श्वास रोखून.
आम्ही चौघांनी केक कापला.
इल्टाने काढलेला फोटो शोधनिबंधात लागला.
केले होते चाळीस.
चालले किती, ते तळटीपेत होतं.

मग औलूच्या बंदराजवळ, बंद पडलेल्या छापखान्यात
यंत्र बसलं : बारा मीटर लांब,
एका टोकाला फिल्मचा रीळ, दुसऱ्या टोकाला रिकामी नळी,
मध्ये आमची सात वर्षं.
गिऱ्हाईक मासेवाला. त्याला लेबल हवं होतं,
वाटेत सामन मासा गरम झाला तर काळं पडणारं.
"महिन्याला दहा लाख देऊ," आम्ही म्हणालो.
"केवढ्याला?"
आम्ही एकमेकांच्या बुटांकडे पाहिलं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात.
आम्ही शीतच शिजवलं होतं,
भात नाही.

पहिल्या आठवड्यात शंभरातली एकतीस चालली.
वाळायच्या आत रेघ शेजारच्या रेघेला बिलगायची.
फिल्म डावीकडे सरकायची, केसभर,
आणि केसभर म्हणजे आमच्या मापात हमरस्ता.
बाहेर उणे अठ्ठावीस. आत हवा इतकी कोरडी
की रीळ उलगडताना ठिणग्या उडायच्या,
अंधारात लोकरी स्वेटर काढावा तशा.
उपकरणं सगळं मोजत होती.
सांगत काहीच नव्हती.

आउलिस आला तो याच छापखान्यातला,
चौतीस वर्षं चॉकलेटची वेष्टनं छापलेला.
इलेक्ट्रॉन म्हणजे काय, त्याने विचारलं नाही.
डोळे मिटून यंत्राशी उभा राहिला,
तिसऱ्या रुळाच्या खोबणीवर बोटं टेकवली.
"हा रडतोय," म्हणाला.
बेअरिंग होतं. चौदा युरोचं.

मग त्याने हवेत ओल धरायला लावली,
कोपऱ्यात वाफेचं भांडं ठेवून, आणि शाईबद्दल म्हणाला,
"ही जड आहे, हिला पळवू नका."
किती जड? इल्टाने आकडा मागितला.
त्याने पळी बुडवून उचलली,
धार तुटेपर्यंत ओठांतल्या ओठांत मोजलं.
"अकरा. सहा हवेत."
तिने वहीत लिहिलं. पुढे ते सूत्रात बसलं.
त्याचं नाव कुठे बसवावं, कळलं नाही.

एकतीसचे अठ्ठावन्न व्हायला वसंत उजाडला.
सिर्का त्याच सुमारास बॅटरीच्या कंपनीत गेली.
"मी शोधायला आले होते," म्हणाली, "रखवालीला नाही."
तिचंही खरं होतं.
खिडकीबाहेर समुद्राचा बर्फ तडकत होता
आणि मी तीन हजार मीटर फिल्म
भंगाराच्या डब्यात कोंबत होतो, चांदीसकट.

ब्याण्णवला मासेवाला परत आला.
त्याने भाव आणखी पाडून घेतला.

गेल्या महिन्यात केमीच्या बाजारात
एका बाईने खोकं उघडलं, आमचं लेबल सोललं,
अंगठ्याने चुरगाळून बादलीत टाकलं,
आणि मासा तराजूवर ठेवला.
मी आउलिसला फोन लावला.
"टाकलं?"
"टाकलं."
"बघितलं तरी?"
"नाही."
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग म्हणाला, "चॉकलेटचंही तसंच असायचं,"
आणि हसला असावा,
कारण मागे त्याचं कुत्रं भुंकायला लागलं.