पावशेर जवारी

मिरजेच्या सितारमेकर गल्लीत कामाला लागलो
त्याच्या तिसऱ्या दिवशी मैनुद्दीन म्हणाला,
"शिदू, घोडी उपाशी हाय. पळ, पावशेर जवारी आण.
अन् बघून आण, तंबोऱ्याची. सतारीची गळ्यात मारतील, घेऊ नको."

मी बेडगचा. जवारी म्हणजे माझ्या लेखी
कणसात भरते ती, जात्यातून पडते ती.
घोडी मात्र कुठं दिसेना.
दुकानभर भोपळे, उलटे टांगलेले,
तुणीच्या दांड्या, शिजणाऱ्या सरसाचा वास
आणि कानस घासत बसलेले दस्तगीरचाचा,
मान खाली. खांदे तेवढे हलत होते.
मला वाटलं, कानशीमुळं.

मार्केटात पारिसा मगदुमानं पोतं उघडलं, लगेच मिटलं.
"तंबोऱ्याची? ती ओली येते. मी सुकी ठेवतो.
स्टेशनरोडला बघ."
स्टेशनरोडचा सायकलवाला म्हणाला, "खर्जाची का पंचमाची?"
विचारून येतो म्हटलं, तर
"विचारू नको, मार खाशील. दोन्ही घे, अर्धी अर्धी."
त्यानं धाडलं दवाखान्यात, औषधाच्या खिडकीवर.
तिथल्या बाईनं चष्मा पुसला,
जाडजूड वहीत बोट वरून खाली नेलं:
"कालच संपली रे. एका गवयाचा आवाज बसला होता,
सगळी त्यालाच लागली."

आता वाटतं, अख्खं गाव एका तारेवर होतं.
कुणी कुणाला कळवलं नव्हतं, फोन तर तिघांकडे,
तरी एकाचा सूर दुसऱ्यानं अचूक उचलला
आणि मी पाठ फिरवेपर्यंत
कुणी हसलं नाही.

गणेश तलावापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती.
चपलेचा अंगठा तुटलेला, मुठीत चार आणे घामानं चिकट.
गोदूबाई गुडघ्यावर वाती वळत होती.
तिला म्हटलं, घोडी सकाळपासून उपाशी आहे.
ती हसली नाही. पाठ फिरवल्यावरही नाही, मी वळून पाहिलं.
तिला ऐकू कमी यायचं म्हणे.
का तीही त्यांच्यातलीच, अजून उलगडलेलं नाही.
गुडघ्यावरचा एक धागा तिनं दातानं तोडला,
माझ्या तळहातावर ठेवला.
"पावशेर नाही भरायचा. पण एवढ्यात भागेल."

परत आलो तर गल्लीभर हसू सांडलेलं.
कुणी घोडीसारखं खिंकाळलं.
चाचांनी धागा दिव्याशी धरला. "जाड आहे," म्हणाले.
नखानं पीळ सोडवला, निम्मा टाकला,
निम्मा समोरच्या तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली सारला.
केसभर मागं. केसभर पुढं.
आणि ती ठोकळा तार
एकदम मधमाशांनी भरली.
"ही जवारी," म्हणाले.
मग जरा वेळानं, "चार आणे परत दे."

पुढं चाळीस वर्षं मी पाठवत राहिलो पोरांना,
उंबराचं फूल आणायला,
सरसातून सा गाळायची चाळण आणायला.
एकजण सांगलीला आयर्विन पुलापर्यंत जाऊन आला
तो भिजलेलं मांजर घेऊन. ते मांजर अकरा वर्षं
भोपळ्यांत झोपलं.

परवा नव्या पोराला म्हटलं, पळ, घोडी उपाशी आहे.
त्यानं मोबाईल काढला, अंगठा दोनदा फिरवला.
"काका, जवारी विकत मिळत नाही. घासून काढतात."
बरोबर बोलला. शब्दन् शब्द बरोबर.
मी कानस उचलली.
बाहेर मार्केट उघडंच होतं.
गल्ल्यावर पारिसाचा नातू असणार,
कुणी विचारलं असतं तर म्हणालाच असता,
ओली का सुकी?

चारच्या सुमाराला मी चपला घातल्या.
"कुठं निघालात?"
"आलो. जरा पावशेर आणतो," म्हटलं
आणि पाठ फिरवेपर्यंत
हसलो नाही.