दोन बर्च आणि एक दार

शाळेला दार नाही. दोन बर्च आहेत,
त्यांच्यामधून जाताना प्रत्येक मूल
हवेतली कडी काढतं, आत येतं,
वळून पुन्हा घालतं.
काल एल्वार विसरला, तर सगळ्यांनी ओरडून
परत पाठवला त्याला: थंडी आत येते ना!
उणे अकरा होतं.

गुनवोरबाईंनी मला बोलावलं ते शेकोटीसाठी.
बेचाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत,
ओलं कोणतं, सुकं कोणतं
वासावरून कळतं. एवढीच माझी विद्या.
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
मुलांनी ती पहिल्याच दिवशी मोजली,
अर्धं बोट कसं लिहायचं यावर भांडली,
शेवटी बर्फावर काडीने एक आखूड रेघ.

हातमोजे फांदीवर, वाळण्याऐवजी ताठ झालेले.
पावावरचं लोणी दगड.
कुणी साल उचलून बघतं किडे उठलेत का,
आणि पांघरूण सारखं करावं तशी
हळूच ठेवून देतं.

तूवा बुडख्याशी बसली होती, वर्तुळं मोजत.
साठाच्या पुढे तिला येत नाही,
म्हणून साठ झाले की पाइनचं एक फळ बाजूला,
पुन्हा एकपासून.
"दोन फळं आणि सतरा," म्हणाली. मग,
"हे तू कापलंस?"
(इथे लहान मुलंही सगळ्यांना अरे-तुरेच करतात.)
असेल, म्हटलं. मी, नाहीतर पेर-आंदेर्सने.
"मग वरचं झाड कुठंय?"

ट्रकचे फेरे विचार, सांगतो.
घनमीटर तर झोपेतही सांगेन.
हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.
कुठेतरी दार झालं असेल, म्हटलं. पाळणा. एखादी फळी
कार्लस्टाडला, किंवा समुद्रापलीकडे.

तिने हातमोजा काढला,
बुडख्यावर तीनदा टकटक केलं
आणि कान लावून बसली.
इतका वेळ, की शेकोटीत लाकूड सारायचं राहून गेलं,
गुनवोरबाई दुरूनच माझ्याकडे बघायला लागल्या.
"थांब," तूवा म्हणाली, "कुणीतरी येतंय."

तीन वाजता अंधार पडतो. चालत घरी आलो.
माझं दार पाइनचं, रंधा मीच मारलेला,
उजवीकडे एक गाठ, तिच्यावर कधीच नीट बसला नाही रंग.
घरात कुणी नसतं, हे मला माहीत आहे.
बूट झटकले. किल्ली हातात होती.
लावण्याआधी
उरलेल्या बोटांनी जरा वाजवून पाहिलं.