ओला आकडा

मोर्शी रस्त्यावर उकंडराव
मैलाचे दगड रंगवतो.
आधी पांढरा हात, मग आकडा.

काळ्या वस्त्रातले महानुभाव बाबा
सावलीला टेकले:
जीव येगळा, परमेश्वर येगळा.
अंतर हाय, म्हून तर चालनं हाय, बापू.

अंतर हा भास, म्हणाले
वेदान्तवाले मास्तर,
आणि पेट्रोल संपायच्या आत निघाले.

विहारातून परतणारी सुगंधाबाई
संत्र्याची टोपली उतरवून हसली:
तिथं पोचतवरी
चालनारा तरी कुठी तोच राह्यते?

उकंडरावची पोरगी सुरतेला.
फोनवर म्हणते, बाबा, हे काय, इथंच तर हाय मी.
तो ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवतो
आणि काहीच बोलत नाही.

एक बकरी दगडाला अंग घासून गेली.
आता अर्धा सहा
पऱ्हाटीत हिंडतो आहे.