नकाशा, पेन्सिलीने

दर गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी,
प्रयोगशाळेमागे जिथे मोडकी बाकं रचलीत तिथे
आवेलिना मिस माझी वाट बघायच्या.
मला वाटलेलं, इंग्रजी सुधारायला बोलावलंय.
किंवा फी राहिलीय.

त्यांनी पाठकोरा कागद पुढे सरकवला:
"तुझं कॉलेज काढून दाखव."
मी फाटक काढलं. वर्ग. फळ्यापासून लांबचं बाक.
मुलींचं बाथरूम, कारण डबा मी तिथंच खायची.
मग सांखळीचा बसथांबा, केरीला जाणारी पाचची कदंब,
तो मात्र नीट काढला, पत्र्यासकट.
"बाकीचं?"
बाकीचं मला माहीत नव्हतं.

सल्ला असा त्यांनी कधी दिला नाही.
प्रश्न द्यायच्या, घरी न्यायला,
शेजारणीनं विरजण द्यावं तसा, एवढासा:
या आठवड्यात कुठल्या दारापर्यंत जाशील?
आत नको. दारापर्यंत.

लायब्ररीच्या दारापर्यंत गेले.
पुढच्या खेपेला आत, वर्तमानपत्रांपर्यंत.
कँटीनला दोनदा जाऊन परतले; तेही त्यांनी
तुटक रेघेनं काढायला लावलं.
तिसऱ्यांदा भाजी-पाव घेतला, आणि रोझिल्डा नावाची कुणी
"हांगा बस गो" म्हणाली,
तिची मिरची माझ्या बशीत टाकून.

एकदा मी रडले. मिसनी समजूत घातली नाही,
खिडकी लावली, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती म्हणून.
मग म्हणाल्या, पहिल्या वर्षी मडगावात
मीपण जिन्याखाली जेवायचे.
त्या जिन्याच्या पायऱ्या त्यांना अजून पाठ होत्या. बावीस.

हजेरीत मला जॅनी झोर म्हणत.
म्हशींमागे रानात हाक मारतात ती जनी
फाटकाबाहेर थांबायची,
येस सर म्हणायला जॅनी आत जायची.
डिसेंबरात एका सोमवारी उभी राहिले, पाय लटपटत:
"सर, जनी. जनी झोरे."
सरांनी चष्मा काढला, पेनानं काहीतरी खोडलं.
मागून कुणी हसलं. हसलंच.
रोझिल्डानं वळून फक्त बघितलं त्याच्याकडे.

नकाशा अजून पुरा नाही.
जिमखाना कोरा आहे,
ऑफिसच्या खिडकीशी अजून माझा घसा सुकतो.

पण काल फाटकाशी एक पोरगा उभा होता,
नव्या दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरून.
"लायब्ररी खंय?"
मी बोट दाखवलं नाही.
दारापर्यंत गेले.

पाचची चुकली.
सहाची होती.