एक जून

माटुंग्यात, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर
मी लोकांच्या तोंडावर मास्क बांधते.
आत गेलेला प्राणवायू, बाहेर आलेला कर्बवायू,
हिशेब लावला की कळतं
माणूस किती जळला.
रोज सकाळी सिलिंडर जोडून आधी यंत्रालाच विचारावं लागतं,
बरं आहेस ना.
तेही खोटं बोलतं कधीकधी. पण थोडं.

परवा पवईचा एक सायकलवाला आला.
पाऊण तास पेडल मारून
त्याच्या घड्याळात सातशे नव्वद,
माझ्याकडे पाचशे दहा.
काळजाचे ठोके दोन्हीकडे जवळपास सारखे.
ठोके मोजता येतात हो मनगटावरून,
जळणं येत नाही.
तो घड्याळावर नाही, माझ्यावर चिडला.
"मॅडम, तुमचं मशीन जुनं झालंय."
दोनशे ऐंशी म्हणजे त्याचं रविवारचं श्रीखंड,
मी वाटी ओढून घेतल्यासारखं बघत
जिना उतरला.

संध्याकाळी टेबलावर तपासणीची दोन घड्याळं उरली होती,
आणि घागबाई फडकं पिळत होत्या.
म्हटलं, बाई, हात करा पुढे.
"देताय की बेड्या घालताय?"
बांगड्या कोपराकडे सरकवल्या.
डावीकडे एक, उजवीकडे एक.

घड्याळानं आधी जन्मतारीख विचारली.
"एक जून लिहा. मास्तरांनी सगळ्यांना तीच दिली.
आमच्या वाडीत एका दिवशी चाळीस पोरं जन्मली."
आणि खरी?
"आई म्हणायची, भात कापायला आला होता.
बसतं का तुमच्या घड्याळात?"
बसत नव्हतं.
वजन लिहिलं, भंगारवाल्याच्या काट्यावरचं.
उंची मी भिंतीवर पेन्सिलीनं घेतली.
एवढ्या भांडवलावर घड्याळानं मनातल्या मनात
कुठलीशी एक सरासरी बाई उभी केली
आणि पुढचा सगळा जमाखर्च तिच्या नावे मांडला.

मग पाठीवर यंत्र, तोंडावर मास्क,
घागबाईंनी तीन मजले पुसले.
उजवा हात फडक्याबरोबर सरासरा,
उजवं घड्याळ खूश.
डाव्या हातात भरलेली बादली, जिन्यावरून वर.
भरलेली बादली उचलली की हात हलत नाही,
आणि घड्याळाला वाटतं
बाई थांबली.

डावं म्हणालं चौऱ्याण्णव. उजवं दोनशे त्रेसष्ट.
मास्क म्हणाला एकशे एकाहत्तर.
"पोटाच्या भाषेत सांगा."
सांगितलं. डाव्याच्या मते तुम्ही नुसता पाव जाळलात,
उजव्याच्या मते अख्खा वडापाव.
"आणि खरं?"
खरं म्हणजे वडा, पावाशिवाय.
बाई मास्कमध्ये हसल्या
तर यंत्राचा आलेख टुणकन वर गेला.
मी तो खोडला नाही.

घाईत उजवं घड्याळ त्यांच्या हातातच राहिलं.
दुसऱ्या दिवशी त्यांनी ते रुमालात बांधून आणलं.
मी सवयीनं रात्र उतरवून घेतली.
पहाटे चार दहा ते चार पन्नास:
ठोके एकशे अठरा, पावलं अकरा.
खाली राखाडी अक्षरांत लिहिलेलं: विश्रांती.

विचारलं, बाई, चारला काय असतं?
"पाणी येतं की. नळ खाली, आम्ही दुसऱ्या माळ्यावर."
किती हंडे?
बाईंनी फडकं बादलीत बुडवलं.
"ते कोण मोजतंय."