चालतंय

माझ्या पडद्यावर नावं येत नाहीत.
येतो एक आकडा आणि एक बाजू:
एकशे बारा, उजवा.
औलूमध्ये दुपारी अडीचलाच बाहेर अंधारलेलं,
आतला अंधार मी मुद्दाम केलेला,
करड्या रंगाच्या सगळ्या छटा
एकमेकींपासून सुट्या दिसाव्यात म्हणून.

शिरेतून सोडलेलं औषध सांध्यात उतरलं
की सुजलेलं अस्तर पांढरं पेटतं.
वाटीच्या वर, वाटीच्या मागे, स्नायूबंधांच्या आडोशाला,
अशा अकरा जागा.
प्रत्येक जागेला शून्य, एक किंवा दोन.
एकशे बाराला मी देत गेले
दोन, दोन, एक, दोन...
बेरीज सतरा.
कूर्चा अशी, जणू कुणी घासून नेलेली.
ही बाई जिना चढत नसणार, मी म्हटलं.
(बाई कशावरून? वाटी लहान. बाकी सवय.)

दुखणं किती, याची फाईल वेगळी.
ती मला उघडायची नाही.
सूज मोजणाऱ्याने कण्हणं ऐकलेलं नसावं,
असा नियम.

सहा आठवड्यांनी तीच चित्रं
नवे आकडे लावून, पिसून, पुन्हा माझ्याच पुढे.
मला ओळखता आली नाहीत.
एकशे बाराला या खेपेस मी चौदा दिले.
गुडघा तोच, तीच रात्र त्यात साठलेली,
आणि तीन गुण कुठेतरी
माझ्या आणि पडद्याच्या मध्ये सांडलेले.
सांख्यिकीवाला वेइक्को म्हणाला,
एवढा फरक चालतो.

मार्चमध्ये फाईली उघडल्या.
चौसष्ट, डावा: मी दिलेले तीन,
त्याने लिहिलेले दुखण्याचे नऊ.
नावेला डांबर लावणारा माणूस, वय सेहेचाळीस.
मी चित्र पुन्हा लावलं.
काही नाही.
मोठं केलं. काही नाही.
त्याच्या नऊला ठेवायला
माझ्याकडे जागाच नव्हती.

आणि एकशे बारा, आयरी कारहुमा,
एकाहत्तर. हायलुओतो बेटावर चौतीस वर्षं
सायकलने टपाल वाटलं,
हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून.
दुखणं: दहापैकी दोन.
समासात यार्क्को नर्सचं अक्षर,
"किती दुखतं विचारलं. म्हणाल्या, चालतंय.
परत विचारलं. म्हणाल्या, चालतंय म्हटलं ना."

पुढल्या थंडीत ती तपासणीला आली तेव्हा
मी काही काम नसताना खाली गेले.
खिळ्यांचे बूट काढत होती,
एक हात भिंतीला. समोर खुर्ची होती.
चित्र बघायचंय, म्हणाली.
दाखवलं.
पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून तिने विचारलं,
हा रस्ता कुणी काढला?
बर्फात वाट दिसावी म्हणून
आम्ही फांद्या रोवतो, अगदी अशाच, वाकड्या.
ही सूज आहे, मी म्हटलं.
असेल, म्हणाली.

लिफ्ट नको म्हणाली.
मी वरच्या कठड्याशी उभी राहून मोजलं,
मोजायची खोड.
उतरताना दुखरा पाय आधी, मग दुसरा.
अकराव्या पायरीवर ती थांबली,
मान वळवून, बाहेर काहीतरी बघत असल्यासारखी,
बराच वेळ.

त्या जिन्याला खिडकी नाही.