उसनं नाक

सोमवारी माझा पब बंद असतो.
तरी मागच्या दाराने तिघं आली:
मॅलकी, पोस्टातून निवृत्त,
अट्रॅक्टा, गुरांची डॉक्टर, बुटांना शेण तसंच,
आणि डिंप्ना, कापडी पिशवीत चार बाटल्या घेऊन.
लेबलं नाहीत. तळाला चिकटपट्टी,
तिच्यावर फॉख्तनाच्या हातचे आकडे.

फॉख्तना पिंपं बांधायचा.
ओकच्या फळ्या वाफेवर वाकवायच्या, आतून जाळायच्या,
दुसऱ्याची व्हिस्की मुरायला द्यायची
आणि आपण घरी जाऊन चहा प्यायचा.
फेब्रुवारीत गेला.
त्याआधीच्या हिवाळ्यात एका तापाने
डिंप्नाचा वास गेला, तो परत आलाच नाही.
"कॉफी म्हणजे गरम, साबण म्हणजे बुळबुळीत,
एवढंच उरलंय," ती म्हणते.
या चारांत त्याचा वास कुठल्यात आहे,
तेवढं तिला हवं होतं.
त्यासाठी आमची नाकं उसनी मागितली.

पहिला ग्लास. मॅलकी खाकरला,
जाहिरात वाचल्यासारखा सुरू झाला:
मध, व्हॅनिला, रेशमी शेवट...
डिंप्नाने हात वर केला.
"हे छापील मिळतं मला. तुला काय येतंय?"
तो गप्प. पुन्हा हुंगलं.
"पेअरच्या गोळ्या," म्हणाला, "शाळेच्या वाटेवर
खिशात विरघळून अस्तराला चिकटलेल्या."
"तुझं बालपण आहे ते. पुढचा."

दुसरा धुरकट. आमच्याकडे तीनदा गाळतात,
धूर सहसा कोणी मागत नाही.
अट्रॅक्टा म्हणाली, "ओला कुत्रा शेगडीपुढे बसलाय
आणि त्याला कुणी आयोडीन लावतंय."
डिंप्नाने बाटली उलटून आकडा पाहिला. त्र्याण्णव.
"त्या वर्षी आम्ही बोलत नव्हतो,"
आणि ग्लास बाजूला सारला.

तिसऱ्यात मोड न आणलेले जव होते,
कधीकाळी कर चुकवायला घातलेले,
पुढे चव म्हणून राहून गेलेले.
जिभेवर आधी साय, मग मिरी.
मॅलकीला लवंग आली, अट्रॅक्टाला खोगीर.
दोघांची जुंपली.
मी चमचाभर पाणी घातलं, थांबलो.
शेगडीत टाकलेली संत्र्याची साल.
ओला भुसा. आणि त्याच्या मागे
लोखंडी कडं ठोकताना उठतो तसा, ठिणगीचा वास.

"स्वेटरला होता?" तिने विचारलं. "कोपरापाशी?"
तिच्या नवऱ्याचा स्वेटर मी कशाला हुंगू?
पण काउंटरवर वाकून तो हर्लिंगचा स्कोअर विचारायचा,
दर रविवारी, कोपर माझ्या हनुवटीखाली.
"हो," म्हणालो. "हाच."

"मला तर लवंगच येते," मॅलकी.
"तू गप," अट्रॅक्टा.

डिंप्नाने एक घोट घेतला.
बराच वेळ गिळला नाही.
"तुरट आहे," म्हणाली.
"हे कुणी सांगायला नको.
तुरट माझं मला कळतंय."

चौथ्या बाटलीखाली आकडाच नव्हता.
ती कुणी उघडली नाही.
जाताना डिंप्ना तिला काउंटरवर ठेवून गेली,
विसरली की ठेवली, मी विचारलं नाही.
मंगळवारी पब उघडताना
ती मी वरच्या फळीवर सरकवली,
चहाच्या डब्यामागे.